व्हेरिकोज व्हेन्सच्या ट्रीटमेंटनंतरचे स्टॉकिंग्ज: परत परत येणारे प्रश्न

मी कोल्हापुरात शिरांच्या ओपीडीत काम करते, म्हणजे पायातल्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांच्या (व्हेरिकोज व्हेन्स). पायांची मापं घेणं, स्टॉकिंग चढवून दाखवणं आणि नंतर आठवडाभर लोकांचे फोन उचलणं हे माझं काम. डॉक्टर ऑपरेशनचं सगळं समजावून सांगतात पण मोज्यांचे प्रश्न लोकांना घरी गेल्यावरच सुचतात, तेही रात्री साडेनऊला. तेच तेच विचारलं जातं म्हणून एकदाचं लिहून टाकतेय. तुमच्या डॉक्टरांनी कागदावर वेगळं काही लिहून दिलं असेल तर त्यांचंच ऐका, तुमचा डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) त्यांनी बघितलाय, मी नाही.

१. खराब शिरा बंद केल्या ना, मग आता हे घट्ट मोजे कशाला?

लेझर असो, आरएफ (रेडिओ लहरींची उष्णता) असो की फोम (औषधाच्या फेसाचं इंजेक्शन), शीर आतून बंद केली तरी ती लगेच गायब होत नाही, शरीर तिला काही महिन्यांत हळूहळू जिरवतं. सुरुवातीला तिच्यात आणि आजूबाजूला रक्त साकळतं, काळंनिळं पडतं, पाय ठणकतो. बाहेरून नीट दाब असला की हे जरा आटोक्यात राहतं. फोममध्ये तर शिरेच्या भिंती एकमेकींना चिकटून राहाव्यात हाच हेतू असतो, मध्ये रक्त अडकलं की गाठी होतात आणि वर तपकिरी डाग पडतात.

आता खरं सांगते. लेझर किंवा आरएफ केलेली शीर बंद राहते की नाही हे मोज्यांवर फारसं अवलंबून नसतं. मोजे घालणारे आणि न घालणारे यांची तुलना बऱ्याचदा करून झालीय, फरक दिसतो तो मुख्यतः पहिल्या काही दिवसांच्या दुखण्यात. म्हणजे एक दिवस घालायचे राहिले म्हणून ऑपरेशन फुकट गेलं असं होत नाही, उगाच रडू नका (असे फोन येतात).

हे मोजे घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर जाईल तसे सैल असतात. ही कल्पना अमेरिकेत टोलेडोला राहणाऱ्या कॉनरॅड जॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरची, त्याच्या स्वतःच्या पायाला शिरांच्या जखमा होत्या आणि पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायाला आराम पडतो हे त्याच्या लक्षात आलं, कारण पाणी जितकं खोल तितका दाब जास्त. त्यावरून त्याने तसा मोजा बनवला, १९५० च्या सुमारास. हे ऐकून आमच्या एका काकांनी विचारलं मग मी पंचगंगेत जाऊन उभा राहू का. ऑपरेशनची भोकं भरेपर्यंत तरी नको.

२. किती दिवस घालायचे? एक डॉक्टर म्हणतात आठवडा, भावजयीला दुसऱ्यांनी दीड महिना सांगितला होता.

दोघेही चुकीचे नाहीत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये सांगितलं की ट्रीटमेंटनंतर दाब द्यायचाच असेल तर ७ दिवसांपेक्षा जास्त नको. युरोपातल्या डॉक्टरांच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये किती दिवस ते पेशंट बघून ठरवा असं आहे. मग प्रत्येक डॉक्टर आपल्या अनुभवाने आकडा ठरवतो.

ढोबळ सांगायचं तर नुसतं लेझर किंवा आरएफ केलं असेल तर साधारण आठवडा, सोबत फुगलेल्या शिरा बारीक छेद देऊन काढल्या असतील किंवा फोमची बरीच इंजेक्शनं झाली असतील तर दोन आठवडे किंवा थोडं जास्त. ग्लूने शीर चिकटवली असेल तर बऱ्याचदा मोजे लागतच नाहीत. पण घोट्याजवळ कातडी काळी-कडक झालीय, जखम होऊन गेलीय, किंवा आतल्या मोठ्या शिरेत पूर्वी रक्ताची गाठ झाली होती, अशांचा हिशोब वेगळा, त्यांना वर्षानुवर्षंही घालावे लागू शकतात. तुमच्या भावजयीचा पाय यातला असेल तर तिचा आकडा तुम्हाला लागू नाही.

३. रात्री झोपतानाही घालून ठेवायचे का?

पहिले एक-दोन दिवस बहुतेक ठिकाणी रात्रंदिवस ठेवायला सांगतात, त्यात कधी बँडेज असतं कधी मोजा. नंतर सकाळी उठल्यावर घालायचे आणि झोपताना काढायचे. आडवं पडलं की पायाच्या शिरांवरचा भार उतरतो, उभं असताना घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या ८०-९० मिलिमीटरपर्यंत दाब असतो, झोपल्यावर तो अगदी थोडा उरतो, मग बाहेरून आवळून ठेवण्यात काय अर्थ. आणि झोपेत बोटं बधिर झाली तर कळतही नाही.

सकाळी मात्र अंथरुणातून उठल्या उठल्या घाला. चहा झाला, पूजा झाली, डबे भरले आणि मग अकराला मोजा घातला तर तोवर पाय सुजलेला असतो आणि मोजा चढत नाही.

४. दुकानदार विचारतो क्लास वन की क्लास टू. काय सांगू?

क्लास सांगूच नका, आकडा सांगा! इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. क्लास टू म्हणजे किती दाब हे कंपनी कुठल्या देशाचं माप वापरते त्यावर आहे. जर्मन मापात क्लास टू म्हणजे घोट्यापाशी २३ ते ३२, ब्रिटिश मापात तोच क्लास टू म्हणजे १८ ते २४. अमेरिकन माल असेल तर क्लासऐवजी थेट १५-२०, २०-३०, ३०-४० असं छापलेलं असतं. आपल्याकडे दुकानात तिन्ही प्रकार एकाच फळीवर ठेवलेले असतात.

ट्रीटमेंटनंतर साधारण २०-३० किंवा जर्मन क्लास टू लिहून देतात. हा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरचा, बीपी मोजतात तेच माप. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं "स्टॉकिंग" लिहिलं असेल तर तिथेच विचारून आकडा लिहून घ्या. आणि बॉक्सवर आकडाच नसेल, फक्त "हाय कम्प्रेशन" वगैरे असेल, तर तो मोजा ठेवून द्या.

५. माप कसं घ्यायचं? मी बुटाच्या नंबरावरून मागवले, चालतील ना?

नाही चालणार. वजनावरूनही नाही, उंचीवरूनही नाही, "मिडियम द्या" म्हणूनही नाही. माझ्याकडे "मोजे सूट होत नाहीत" म्हणून जे परत येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं माप चुकलेलं असतं, मोज्याचा काहीच दोष नसतो.

माप सकाळी घ्यायचं, उठल्यावर तासाभरात, पाय सुजायच्या आधी. संध्याकाळी दुकानात जाऊन माप दिलं की एक साइज मोठा येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच घोट्याशी चुण्या पडून लोंबतो. शिंप्याची मऊ टेप घ्या, स्टीलची नको, आणि माप दुसऱ्या कुणीतरी घ्यावं, स्वतः वाकून घेतलं की पोटरीचा आकार बदलतो.

पहिलं माप घोट्याच्या हाडाच्या जरा वर, पाय सगळ्यात बारीक असतो तिथे. हे सगळ्यात महत्त्वाचं, दाबाचा आकडा इथलाच असतो. दुसरं पोटरीच्या सगळ्यात जाड भागाचं. मांडीपर्यंतचा हवा असेल तर मांडीच्या जाड भागाचं, जांघेपासून साधारण चार-पाच बोटं खाली. मग उंची, जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत किंवा जांघेपर्यंत. टेप टेकेल इतकीच, कातडी आत दाबायची नाही. दोन्ही पायांची मापं वेगळी घ्या, कारण शिरांचा पाय बऱ्याचदा दुसऱ्यापेक्षा जाडच असतो. ही मापं बॉक्सवरच्या तक्त्याशी जुळवायची, आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, म्हणजे एकीचा एल दुसरीचा एम असू शकतो.

घोटा एका साइजमध्ये आणि पोटरी दुसऱ्या साइजमध्ये येतेय असं झालं तर मधला काहीतरी अंदाज मारू नका. बाटली उलटी धरावी तसे पाय असतात काहींचे, घोटा बारीक आणि वर एकदम जाड, त्यांना मापाने शिवून घ्यावे लागतात. महाग पडतात पण निदान घातले तरी जातात.

ऑपरेशनच्या आधीच माप देऊन मोजे घेऊन ठेवा. ऑपरेशननंतर पाय सुजलेला, वर बँडेज, तेव्हा कसलं माप घेणार.

६. गुडघ्यापर्यंतचे घेऊ की मांडीपर्यंतचे?

मांडीतली शीर बंद केली असेल तर पहिल्या दिवसांत मांडीपर्यंतचे सांगतात, कारण काळंनिळं तिथेच पडतं. पोटरीतल्याच शिरांचं काम असेल किंवा पुढे बरेच दिवस घालायचे असतील तर गुडघ्यापर्यंतचे पुरतात. माझं मत विचाराल तर कपाटात पडलेल्या मांडीपर्यंतच्या मोज्यापेक्षा पायात असलेला गुडघ्यापर्यंतचा बरा, पण डॉक्टरांना विचारून. गुडघ्याचा मोजा गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खाली संपला पाहिजे. घडीत गेला की रुततो.

७. मोजे चढतच नाहीत हो! नवरा आणि मी दोघांनी मिळून अर्धा तास ओढले, शेवटी फाटले.

ओढायचेच नसतात, सगळे इथेच चुकतात. वरची कड धरून साध्या मोज्यासारखं खेचलं की कापड टाचेत अडकतं, पायावर एका जागी घट्ट गोळा होतो आणि नखाने छिद्र पडतं.

असं करा. खुर्चीत बसा, पाय कोरडा हवा. अंगठ्या काढा, नखं कापलेली हवीत, टाचेच्या भेगा असतील तर तिथे कापड अडकतं, त्यांचं आधी बघा. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, हसू नका, पन्नास रुपयांच्या या हातमोज्यांनी निम्मं काम होतं. आता मोज्यात हात घाला, आतून टाचेचा खळगा चिमटीत धरा आणि मोजा उलटा करत आणा, म्हणजे फक्त पावलाचा भाग आत राहील. त्यात पाऊल घाला, टाच बरोबर टाचेच्या खळग्यात बसवा. ती बसली की उरलेला भाग पावलावरून वर घ्या आणि तळहातांनी, बोटांनी नाही, थोडा थोडा वर सरकवत न्या. कणीक मळताना परातीत हात फिरवतो ना, तशी हालचाल. शेवटी चुण्या राहिल्या तर हातमोज्याने चोळून पसरवा. वर कापड जास्त झालं तर दुमडायचं नाही, दुमडलं की तिथे दुप्पट दाब पडतो आणि दोरी बांधल्यासारखं होतं. उरलेलं खाली सारून सारखं करा.

बोटं उघडी असलेला मोजा असेल तर आणखी एक युक्ती आहे. पावलावर भाजीची पातळ प्लास्टिक पिशवी घाला, तिच्यावरून मोजा सरसर जातो, मग पुढून बोटांकडून पिशवी ओढून काढा. आमच्या एक आजी, वय अडुसष्ट, संधिवाताने बोटं वाकडी, पहिल्या दिवशी म्हणाल्या हे माझ्याच्याने होणार नाही, आता दुधाची रिकामी पिशवी धुऊन तिच्यावरून चढवतात आणि शेजारणींनाही शिकवतात. टाल्कम पावडर थोडी चालते. क्रीम-तेल सकाळी अजिबात नको, ते रात्री लावायचं.

इतकं करूनही जमत नसेल तर तारेचा स्टँड मिळतो, त्यावर मोजा अडकवून पाय आत सरकवायचा. पाठीचं ऑपरेशन झालेले, पोट मोठं असलेले, एकटे राहणारे, यांच्यासाठी तो पैसे वसूल आहे. त्याआधी एकदा माप परत तपासा (प्रश्न ५).

८. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलने पांढरे मोजे दिले होते, तेच घालू का?

नाही. ते पडून असलेल्या पेशंटच्या पायात गाठ होऊ नये म्हणून असतात, घोट्याशी दाब १८ च्या आसपास. तुम्ही चालणार-फिरणार, तिथे तो कमी पडतो.

९. मोजे महाग आहेत, क्रेप बँडेज गुंडाळलं तर नाही का चालणार?

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः बांधलेलं चालतं, आणि ते सैल झालं, सरकलं तर घरी सोडून परत गुंडाळत बसू नका, फोन करा. रोज घरी बांधायचं म्हणाल तर अवघड आहे. प्रत्येक वेळी दाब वेगळा पडतो, बऱ्याच जणांकडून पोटरीवर घट्ट आणि घोट्यावर सैल बांधलं जातं, म्हणजे नेमकं उलटं, त्याने पाऊल आणखी सुजतं.

पैशाचा प्रश्न असेल तर एकाच पायाचा मोजा मिळतो का विचारा, बऱ्याच कंपन्यांचे जोडीनेच येतात पण काहींचे सुटे मिळतात. आठवडाभरासाठीच हवे असतील तर फार महाग इम्पोर्टेड घ्यायची गरज नसते, दाब आणि माप बरोबर असलेले भारतीय बनावटीचेही चालतात. बिल आणि चिठ्ठी जपून ठेवा, मेडिक्लेमवाले पुष्कळदा असल्या वस्तूंचे पैसे कापतात पण मागायला काय जातं.

१०. मांडीवरचा मोजा सारखा खाली घसरतो, आणि वरच्या सिलिकॉनच्या पट्टीखाली फोड आलेत.

घसरण्याची कारणं तीन: माप मोठं, मांडीला तेल-क्रीम लावलेलं, किंवा पट्टी मळलेली. पट्टी रोज ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, ती घामाने बुळबुळीत होते. वर सेफ्टी पिन लावू नका, आणि रबरबँड तर बिलकुल नको, मांडीला गोल आवळलं की खालून रक्त वर कसं जाणार.

फोड आले असतील तर त्या दिवशी मोजा काढा, फोडू नका, आणि आम्हाला दाखवा. काहींना सिलिकॉन सोसत नाही, काहींना पट्टी घट्ट होते. मग कमरेपर्यंतचा पँटीसारखा प्रकार किंवा गुडघ्यापर्यंतचा हे पर्याय आहेत. ड्रेसिंगच्या चिकटपट्टीनेही फोड येतात, दोष कशाचा ते फोड कुठे आलेत त्यावरून कळतं.

११. मे महिन्यात हे घालून जीव जातो, खाज सुटते. काय करू?

खरंय. म्हणून जमत असेल तर ट्रीटमेंट थंडीत करून घ्या असं मी सांगते, पण जखम वगैरे असेल तर थांबू नये. उन्हाळ्यात बोटं उघडी असलेले घ्या. रात्री काढल्यावर पाय गार पाण्याने धुऊन, टिपून, साधं मॉइश्चरायझर लावा, बरीचशी खाज कोरड्या कातडीची असते. दुपारी फारच तापलं तर मोज्यावरूनच पाण्याचा हबका मारा, वाळताना गार वाटतं, फक्त टाके किंवा पट्ट्या असताना हे करू नका. मोज्याच्या आत पट्टी-सळई घालून खाजवू नका, काळजी घ्या. लाल चट्टे, पुरळ, पाणी सुटणं असं असेल तर ती खाज नाही, ॲलर्जी आहे, दाखवून घ्या.

१२. आंघोळ कधी? मोजे घालून की काढून?

पहिले एक-दोन दिवस पाय भिजवायचा नाही, पायाला मोठी प्लास्टिक पिशवी बांधा किंवा अंग पुसून घ्या. नंतर मोजे काढून, साध्या कोमट पाण्याने, पटकन. फार कढत पाणी नको, शिरा फुगतात आणि चक्करही येते. आंघोळ शक्यतो रात्री मोजे काढल्यावर करा, कारण सकाळी ओल्या पायावर मोजा चढत नाही.

१३. धुवायचे कसे? किती दिवस टिकतात?

रोज किंवा एकाआड एक दिवस धुवा. घाम आणि मळ बसला की लवचिकपणा जातो, न धुता जपून वापरणारे उलट लवकर खराब करतात. कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने. धोपटणं नको, ब्रश नको, ब्लीच नको, कपडे मऊ करायचं लिक्विड नको. पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे आणि सावलीत पसरून वाळवायचे. पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून फ्रिजच्या मागे किंवा इस्त्री फिरवून वाळवणारे लोक मी बघितलेत, त्याने आतला धागा मरतो. पंख्याखाली ठेवा. महिनाभराहून जास्त घालायचे असतील तर दोन जोड घ्या.

रोज वापरले तर साधारण सहा महिने. घालायला सोपे वाटायला लागले म्हणजे तुम्ही तरबेज झालात असं नाही, मोजा सैल पडलाय.

१४. जोडवी आणि पैंजण काढावे लागतील का? सासूबाई जोडवी काढू देत नाहीत.

पैंजण काढाच, मोज्याखाली रुततात आणि वर घातले तर धागे ओढतात. जोडव्यांचं असं, बोटं उघडी असलेला मोजा घेतला तर जोडवी राहू शकतात, फक्त कड जोडव्यात अडकत नाही ना आणि बोट सुजत नाही ना बघा. पण ऑपरेशनच्या दिवशी सगळं काढून या. सासूबाईंना घेऊन या, मी समजावते, आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

१५. मोजे घातलेत म्हणजे दिवसभर आराम करायचा ना?

उलट. त्याच दिवशी चालायचं. पोटरीचा स्नायू हा पायाचा पंप आहे, तो पिळला की रक्त वर जातं, मोजा त्याला फक्त आधार देतो. घरातल्या घरात दर तासाला पाच-दहा मिनिटं, दुसऱ्या दिवसापासून रोज दोन-तीनदा बाहेर. बसलात की पाय स्टुलावर, रात्री पायाखाली उशी.

टाळायचं काय तर एका जागी उभं राहणं. न्हावी, शिक्षक, ट्रॅफिक पोलीस, वडापावची गाडी लावणारे, मोजे घालून कामावर गेलात तरी अधूनमधून टाचा वर-खाली करा, चार पावलं टाका. मांडी घालून थोडा वेळ जेवायला बसलं तर चालतं, तासन् तास पारायणाला बसू नका, आणि उकिडवं बसताना मोजा गुडघ्यामागे गोळा होतो तो सारखा करा. जिम, वजन उचलणं एक-दोन आठवडे थांबवा. गाडी तेव्हाच चालवा जेव्हा न दुखता करकचून ब्रेक मारता येईल.

१६. तेल लावून मालिश केली, गरम पाण्याने शेकलं तर लवकर बरं होईल का?

नको. बंद केलेल्या शिरेवर चोळायचं नाही, शेक नाही, सुंठीचा लेपही नाही.

१७. मोजा घातल्यावर बोटांना मुंग्या येतात, बोटं निळसर दिसतात. काढू का?

हो, लगेच काढा. मोजा घट्ट वाटला पाहिजे पण दुखता कामा नये. काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बोटं गुलाबी, गरम झाली तर बहुतेक माप किंवा चुण्यांचा प्रश्न असतो, नीट करून परत घाला. बोटं पांढरी, थंड राहिली किंवा दुखणं वाढतच गेलं तर दवाखान्यात जा, आणि मोजा परत घालू नका.

पोटरीच्या आतल्या बाजूला किंवा घोट्यापाशी एक तळहाताएवढा भाग बधिर वाटतो तो प्रकार वेगळा, तिथे शिरेच्या शेजारून स्पर्श कळवणारी एक नस (नर्व्ह) जाते, ती दुखावली की असं होतं, बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं.

१८. आठ-दहा दिवसांनी मांडीत आतून दोरी ओढल्यासारखं होतंय, हाताला गाठी लागतात. हे नॉर्मल की आतल्या शिरेत रक्ताची गाठ झाली?

मांडीतली दोरी म्हणजे तुमची बंद झालेली शीर, ती आक्रसते तेव्हा पाय सरळ करताना ओढ बसते. बऱ्याच जणांना ती पहिल्या आठवड्यानंतरच सुरू होते, म्हणून लोक घाबरतात की बरं होऊन परत बिघडलं. दहा-बारा दिवसांत जाते. वरवरच्या दुखऱ्या गाठी म्हणजे साकळलेलं रक्त, फार दुखत असतील तर ओपीडीत सुईने काढून टाकता येतं.

आता हे नीट वाचा. पूर्ण पोटरी किंवा पाय अचानक सुजला, दुसऱ्या पायापेक्षा स्पष्ट जाड झाला, टणक झाला, चालताना पोटरीत जोरात दुखतंय, तर त्याच दिवशी डॉपलर. मोजा घट्ट करून बघू, उद्या बघू, असं नाही. आणि अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं तर आम्हाला फोन करत बसू नका, थेट १०८ लावा. असं क्वचित होतं. पण होतं.

१९. मला डायबिटीस आहे, मोजे घालू शकते ना?

डायबिटीस आहे म्हणून नाही असं नाही, पण आधी पायाची धमनी तपासलेली हवी. शिरेचा आजार म्हणजे रक्त वर जात नाही, धमनीचा आजार म्हणजे रक्त खालीच येत नाही. दुसऱ्या प्रकारात घट्ट मोजा घातला तर आहे तेही रक्त अडतं आणि बोटं काळी पडण्यापर्यंत जाऊ शकतं.

तपासणी सोपी आहे, दंडाचं आणि घोट्याचं बीपी घेऊन भागाकार करतात. ०.९ च्या वर बरं, त्याखाली आलं तर डॉक्टरांनी ठरवायचं, ०.६ च्या खाली असेल तर हे मोजे नाहीतच. डायबिटीसवाल्यांत एक गोम आहे, धमन्या चुन्यासारख्या कडक झाल्या की आकडा खोटा जास्त येतो, १.३ च्या वर आला तर "मस्त आहे" म्हणून खूश होऊ नका, दुसरी तपासणी लागते.

तंबाखू-सिगारेटवाले, चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावं लागणारे, पायाची बायपास झालेले, हृदय खूप कमजोर असलेले, तळव्याला स्पर्श कळत नसलेले, या सगळ्यांनी विचारल्याशिवाय मोजा घालू नये. ज्यांना स्पर्श कळत नाही त्यांनी डॉक्टरांनी हो म्हटलं तरी रोज रात्री मोजा काढून तळवा, टाच, बोटांच्या मधली जागा घरच्यांकडून बघून घ्यावी.

२०. तीन आठवड्यांनी मुलाकडे दुबईला जायचंय. मोजे घालून विमान चालेल?

चार तासांच्या वरचा विमानप्रवास ट्रीटमेंटनंतर साधारण चार आठवडे टाळा म्हणतात, दुबई त्याच्या काठावर आहे, त्यामुळे तारीख ठरवायच्या आधी डॉक्टरांशी बोला, तिकीट काढल्यावर नाही. पूर्वी गाठ झाली असेल, कॅन्सर असेल, हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. जाणार असाल तर मोजे सकाळीच घाला, पाणी प्या, उठून फेऱ्या मारा. कोल्हापूर-मुंबई एसटी किंवा खासगी बसलाही हेच लागू, रात्रभर पाय लोंबकळत ठेवून बसणं विमानापेक्षा काही बरं नाही. ढाब्यावर गाडी थांबली की उतरा, भूक नसली तरी.

२१. घोट्याजवळ जखम आहे, तिच्यावर मोजा घालायचा?

शिरांच्या जखमेला दाब हेच मुख्य औषध आहे, नुसत्या मलमाने ती वर्षानुवर्षं रेंगाळते. पण जखम वाहती असेल तर मोज्याऐवजी थरांचं बँडेज बांधतात, पाणी कमी झालं की मोजा. आधी प्रश्न १९ मधली धमनीची तपासणी पाहिजेच. अशांनी प्रश्न २ मधला आठवडा विसरावा, जखम भरल्यावरही मोजे चालूच ठेवायचे असतात, नाहीतर ती परत उघडते.

२२. एकाच पायाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यातही घालू का?

दुसऱ्या पायाला त्रास असेल तर घाला, नसेल तर नको.

२३. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. मोजे तेव्हाही चालतात?

चालतात, पाय जड होतात, सुजतात त्याला आरामही पडतो. लेझर, फोम वगैरे मात्र गरोदरपणात करत नाहीत, बाळंतपणानंतर काही महिने थांबतात, कारण फुगलेल्या शिरा बऱ्याच जणींच्या आपोआप उतरतात. पाय दर तिमाहीला बदलतो, त्यामुळे माप परत घ्यावं लागेल.

२४. माझा कोर्स संपला, मोजे अगदी नवे आहेत. सासूबाईंच्या (वय बहात्तर) पायातही शिरा आहेत, त्यांना दिले तर?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि वस्तू वाया जाऊ नये असं मलाही वाटतं. पण तुमच्या घोट्याचं माप त्यांचं नाही (प्रश्न ५), त्यांची धमनी कुणी तपासलेली नाही (प्रश्न १९), आणि बहात्तराव्या वर्षी कातडी पातळ असते, तुमच्या दाबाचा मोजा ओढून काढताना सालपटं निघतात. हे मोजे तुमच्याकडेच ठेवा, लांबच्या प्रवासाला आणि लग्नात दिवसभर उभं राहायच्या वेळी तुम्हालाच उपयोगी पडतील. सासूबाईंना घेऊन या, पण संध्याकाळच्या ओपीडीला नको, सकाळी नऊला या, पाय सुजायच्या आत माप होईल.